धाकट्या बाईंचं एम.ए.

पहिलीच्या त्या वर्गाला दोन बाई होत्या. एक मोठ्या बाई आणि एक धाकट्या बाई. मोठ्या बाईंची जागा फळ्यापाशी आणि धाकट्या बाईंची जागा उरलेल्या सगळ्या खोलीत. कुणाचं नाक वाहतंय, कुणाच्या बुटाची नाडी लोंबतेय, कुणाला शू आलीय पण सांगायची लाज वाटतेय, कुणाची पेन्सिल मोडलीय आणि तो ती शेजाऱ्याच्या कानात घालायला निघालाय, ही सगळी खाती धाकट्या बाईंकडे. कागदोपत्री त्यांचा हुद्दा होता 'वर्ग-मदतनीस'. पण तो कागद मुलांनी कुठे वाचला होता? मुलांनी पाहिलं, की एका बाईंना खुर्ची आहे आणि दुसऱ्या बाईंना नाही. मग जिला खुर्ची ती मोठी, विषय संपला. आता मोठ्या बाईंचं वय चौतीस आणि धाकट्या बाईंचं सत्तेचाळीस, ही गोष्ट वेगळी.

त्यांना नोकरी लागली तीही गंमतच. त्यांची लेक तेव्हा याच वर्गात होती आणि पाण्याची बाटली घरी विसरून आली होती. ती द्यायला त्या आल्या, तर त्या वेळच्या मोठ्या बाई दारातच म्हणाल्या, "अहो, पाच मिनिटं जरा उभ्या राहता का इथे? एकाने मणी गिळलाय, त्याला ऑफिसात नेऊन येते." त्या उभ्या राहिल्या. मणी नंतर त्या मुलाच्या खिशात सापडला, पण पाच मिनिटांची एकोणीस वर्षं झाली. लेक शाळा संपवून, कॉलेज संपवून नोकरीला लागली, आणि आई अजून पहिलीतच. "आई, किती वर्षं नापास होतेस गं तू?" लेक चिडवायची.

तर अशा या बाईंनी एक दिवस जेवताना सांगितलं, की विद्यापीठाने वर्ग-साहाय्य या विषयात एम.ए. काढलंय, दोन वर्षांचं, रविवारी वर्ग असतात, आणि त्यांना नाव घालायचंय.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे नाकं पुसायलाही आता एम.ए. लागतं?"

नवरा बसदुरुस्तीच्या कारखान्यात फोरमन. तो म्हणाला, "नाही गं आई, कुठल्या नाकपुडीपासून सुरुवात करायची ते शिकवत असतील."

सगळे हसले. बाईही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर भाजी वाढता वाढता म्हणाल्या, "मला जायचंय." आवाज नेहमीचाच होता, पण हसणारे एकदम त्यांच्याकडे बघायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर नवरा फॉर्म पसरून बसलाय आणि त्यांचा फोटो डिंकाने चिकटवतोय. चिकटवला तोही थोडा तिरका. बाईंनी हात पुढे करून तो सरळ केला. हा त्यांचा पुढे पुढे जाणारा हात लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्या हाताचीच आहे.

पहिल्या रविवारी विद्यापीठात काय झालं ते त्यांच्या वर्गमैत्रिणी अजून रंगवून सांगतात. बाई अर्धा तास आधी पोचल्या. वर्गात कुणी नव्हतं. फळ्यावर जुनं काहीतरी लिहिलेलं होतं, ते त्यांनी पुसलं. बाकं वाकडी होती, ती ओळीत लावली. खिडकीवर धूळ होती, तीही झटकली. मग बाकी विद्यार्थी आले, पंचविशी-तिशीतले, आणि बाई जाऊन मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. प्रोफेसर आले, शिकवायला लागले. दहा मिनिटांनी त्यांनी मागे पाहिलं. "बाई, तुमचं काम झालं असेल तर तुम्ही गेलात तरी चालेल."

"मी विद्यार्थिनी आहे, सर."

"मग बसा की!"

बाई बसल्या. आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की एकोणीस वर्षं त्या वर्गात आहेत, पण फळा समोरून कधी पाहिलेलाच नाही. बाजूने पाहिला, पाठमोरा पाहिला, मुलाच्या खांद्यावरून वाकून पाहिला. समोर बसून, पूर्ण, असा आज पाहिला. केवढा मोठा असतो फळा! त्या इतक्या टक लावून बघत राहिल्या, की पहिल्या तासाचं त्यांनी एक अक्षर लिहून घेतलं नाही.

पुढची दीड वर्षं म्हणजे त्यांना लहान मुलाला जत्रेत सोडल्यासारखं झालं. आपण रोज डोळ्यांनी बघतो त्याची पुस्तकं असतात, हेच त्यांना आधी खरं वाटेना. कुणीतरी कुठेतरी वर्षानुवर्षं बसून, मुलं पेन्सिल कशी धरतात एवढंच लिहून ठेवलं होतं, चित्रांसकट! बाईंनी ते पुस्तक ग्रंथालयातून आणलं आणि घरी सासूबाईंना दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावून चार चित्रं पाहिली, मग गुपचूप एक पेन्सिल उचलून स्वतःची बोटं बघितली. "मी ही तिसऱ्या नंबरची," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून सासूबाईंनी नाकाचा विषय काढला नाही.

अभ्यासाची जागा शाळेतली सामानाची खोली. मधल्या सुट्टीत गुंडाळलेले तक्ते, मोडका ग्लोब आणि जुन्या गणवेशांची गाठोडी यांच्यामध्ये एका उलट्या पेटीवर बाई वाचत बसायच्या. परीक्षा झाल्या, मार्कही चांगले पडले. राहिला प्रबंध. आणि तिथे घोडं अडलं.

प्रबंधासाठी त्यांना ज्या मार्गदर्शक मॅडम मिळाल्या त्या बोलायला फार काटकसरी. दुसरा माणूस जिथे पाच वाक्यं बोलेल तिथे या एक बोलायच्या, तेही जमलं तर मानेने. विषय ठरला: वर्गात मदतनीस असल्याने संथ मुलांची प्रगती कशी होते. पद्धतही सोपी होती. एक मूल निवडायचं. रोज वीस मिनिटं फोनवर चित्रण करायचं, पालकांची आणि शाळेची परवानगी घेऊन. पहिले दोन आठवडे मदत करायची नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं. पुढचे चार आठवडे नेहमीसारखी मदत करायची. मग दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायचे. मदतीने काय फरक पडला ते उघड दिसेल.

"नुसतं बघायचं," मॅडमनी निरोप देताना पुन्हा सांगितलं. "हात लावायचा नाही."

"नाही लावणार," बाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, यात काय अवघड आहे?

मूल त्यांच्या डोळ्यांसमोर होतंच. वर्गात एक मुलगी होती, तिचं नाव मुलांनीच पाडलं होतं: सावकाश. ही चालायची ती डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखी. दप्तरातून वही काढायची म्हणजे आधी दप्तराकडे बघणार, मग चेनकडे, मग आपल्या बोटांकडे. प्रश्न विचारला की ती विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची, तोवर दुसऱ्या चौघांनी उत्तर ओरडून झालेलं असायचं. वर्षाच्या सुरुवातीपासून तिने तोंडाने दिलेली उत्तरं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. परवानगीच्या कागदावर सही करताना तिची आई म्हणाली, "बघा बाई, काही होतंय का. घरी तर मीच सगळं करून देते तिचं, नाहीतर शाळेत पोचायचीच नाही ती."

दोन आठवडे झाले. बाईंनी वही अगदी देवाच्या पोथीसारखी नीटनेटकी भरली. चित्रण घेऊन त्या मॅडमकडे गेल्या. मॅडमची खोली म्हणजे दोन पत्र्याची कपाटं आणि एक न मिटणारी खिडकी. मॅडमनी संगणकावर पाचव्या दिवसाचं चित्रण लावलं आणि थोड्या वेळाने थांबवलं.

"हे काय चाललंय?"

"कोटाची बटणं लावणं चाललंय."

"कोण लावतंय?"

बाईंनी वाकून पाहिलं. पडद्यावर सावकाश होती, तिचा कोट होता आणि डाव्या बाजूने एक हात आला होता. हात सराईत होता. टप टप टप, पाच बटणं लावून तो निघूनही गेला.

"मी," बाई म्हणाल्या.

"वहीत काय लिहिलंय?"

वहीत लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीने कोटाची बटणं लावली.'

बरं, बाईंनी खोटं लिहिलं होतं का? मुळीच नाही. खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांना खरोखरच वाटलं होतं, की बटणं तिने लावली. एकोणीस वर्षं तो हात त्यांच्या गणतीतच नव्हता. मुलाची नाडी बांधली गेली म्हणजे मुलाने बांधली, उत्तर आलं म्हणजे मुलाने दिलं. आपण मध्ये होतो हे आपल्यालाच दिसू नये, इतका तो हात अंगवळणी पडला होता.

मॅडमनी एक कोरा कागद पुढे केला आणि चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं. "हात आला की एक रेघ. उत्तर तुम्ही पुरवलंत तरी एक रेघ."

बाई रेघा मारत गेल्या. वीस मिनिटांत एकतीस रेघा झाल्या. प्रश्न विचारल्यापासून त्यांची मदत यायला सरासरी तीन सेकंद लागत होते. तीन! सावकाशने प्रश्न ऐकून मान वर केलेली असायची, ओठ नुकते सुटे झालेले असायचे, आणि कानाशी बाईंची कुजबूज पोचलेली असायची. एका ठिकाणी तर सावकाशचे ओठ हलायला लागले होते. चित्रणात स्पष्ट दिसत होतं. बाईंचं उत्तर आल्यावर ते मिटले.

बाईंनी ती जागा तीनदा पाहिली. चौथ्यांदा बघवेना.

"प्रबंध द्यायला अकरा आठवडे आहेत," मॅडम म्हणाल्या. "पहिले दोन आठवडे पुन्हा करा." थोडं थांबून त्यांनी चक्क दुसरं वाक्यही बोलून टाकलं. "हातांचं काहीतरी करा."

हातांचं काय करायचं? पहिल्या दिवशी बाईंनी ते पाठीमागे बांधले, तर ते आपोआप सुटून पुढे आले. दुसऱ्या दिवशी ॲप्रनच्या खिशात घातले, तर खिशातून रुमाल घेऊन बाहेर आले आणि एका पोराचं नाक पुसूनही झालं. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तोडगा काढला. त्यांनी फळ्याचे दोन डस्टर आणून बाईंच्या दोन हातांत ठेवले. खडूने माखलेले, पांढरेशुभ्र. आता त्या हातांनी ज्याला शिवाल तो भूत होणार! तास चालू असेपर्यंत बाई दोन्ही हातांत डस्टर धरून मागे उभ्या. मुलांना वाटलं नवीन खेळ आहे.

आणि मग तो दिवस आला. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलं कोट चढवून भर्रकन बाहेर पळाली. वर्गात उरल्या दोघी, सावकाश आणि डस्टरवाल्या बाई. फोन कपाटावर ठेवलेला होता.

सावकाशने कोट घातला आणि सवयीने हनुवटी वर करून उभी राहिली. वाट बघत. हात आला नाही. तिने बाईंकडे पाहिलं, डस्टरकडे पाहिलं, मग खाली आपल्या कोटाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. बाईंची बोटं डस्टरच्या लाकडात रुतली. हात नुसते शिवशिवत होते. अगं, वरचं धर, वरचं! जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं.

सावकाशने पहिलं बटण धरलं आणि काय केलं असेल? ज्या भोकात ते घालायचं, त्या भोकाला आधी डोळा लावला आणि आरपार पलीकडे पाहिलं. दार दिसतंय का, खिडकी दिसतेय का. मग बटण घातलं. दुसऱ्या भोकाला पुन्हा डोळा. तिसऱ्याला पुन्हा. चौथ्याशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं की एका बाजूला कोट उंच झालाय. ती रडली नाही, बाईंकडे वळलीही नाही. तिने तिन्ही बटणं काढली, कोटाच्या दोन्ही कडा खालून जुळवल्या आणि खालपासून वर लावत आली. गुणगुणत! ही मुलगी गुणगुणते, हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटचं बटण लावलं, पाचही बटणांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि घागर सांभाळत बाहेर निघून गेली.

चार मिनिटं दहा सेकंद. मधली सुट्टी अजून शिल्लक होती.

बाई डस्टर धरून तशाच उभ्या. मोठ्या बाई चहा घेऊन आल्या तर यांच्या गालांवर पांढरे पट्टे, डस्टरच्याच हाताने डोळे पुसलेले.

"अहो, काय झालं धाकट्या बाई?"

"तिने खालून लावली हो बटणं," बाई म्हणाल्या. "खालून लावली की चुकत नाहीत. मी जन्मभर वरून लावत आले."

त्यानंतरच्या दिवसांत बाईंनी जे जे पाहिलं ते सांगायला बसलं तर एक पुस्तक पुरायचं नाही. मूल उत्तर शोधताना कुठे कुठे जाऊन येतं! कुणी छताकडे बघतं, कुणी बाकाखाली पायाची बोटं मोजतं, कुणी शेजाऱ्याच्या टोपीवरचे ठिपके मोजून आपली बेरीज तपासून घेतं. आपण ज्याला 'लक्ष नाही' म्हणतो, त्यात केवढी धावपळ चाललेली असते! चालत्या यंत्राचं झाकण उघडून बघावं तसं बाईंना झालं. रोज संध्याकाळी घरी येऊन सांगत सुटायच्या आणि सासूबाई कामं टाकून ऐकायच्या. त्याच भरात बाईंनी घरीही प्रयोग करून पाहिला. एका सकाळी नवऱ्याच्या किल्ल्या शोधून द्यायच्या नाहीत असं ठरवलं. पंचवीस मिनिटं झाली तरी तो गुणगुणला नाही की काही नाही, फक्त ओरडत राहिला. शेवटी सासूबाईंनीच किल्ल्या काढून दिल्या. "याचं शिकायचं वय गेलं," त्या म्हणाल्या.

हसण्यावारी जाण्यासारखं एवढंच. बाकी प्रकरण गंभीर होत चाललं होतं. मदत नसलेले दोन आठवडे झाले, मग ठरल्याप्रमाणे मदतीचे चार आठवडे झाले आणि बाईंनी आकडे शेजारी शेजारी मांडले. मदत नसताना सावकाशने चाळीस प्रश्नांपैकी एकोणतीस उत्तरं स्वतः दिली होती. मदत सुरू झाल्यावर चाळिसात नऊ.

त्यांनी पुन्हा मोजलं. नऊच.

म्हणजे प्रबंधाचं नाव एक सांगत होतं आणि आकडे उलटं. मोठ्या बाईंनी कागद वाचला आणि दार लोटून घेतलं. "हे असंच लिहिणार? अहो, उद्या कुणी म्हणालं, मदतनिसाने पोरं मागे पडतात तर मदतनीस हवीच कशाला, मग? स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा?"

"मग काय लिहू?"

"थोडं सांभाळून लिहा. नऊचे एकोणचाळीस झाले तर कोण बघायला येतंय? तुमच्याशिवाय मलाही करमायचं नाही इथे." शेवटचं वाक्य त्यांनी खिडकीकडे बघत म्हटलं.

मार्गदर्शक मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आकडे तुमचे, प्रबंध तुमचा." आणि निघताना, "परीक्षक बाहेरचे आहेत. गेल्या वर्षी त्यांनी दोघांना परत पाठवलंय."

बाईंनी दोन दिवस काही लिहिलं नाही. त्यांना एम.ए. जाण्याची भीती होतीच, पण आतली भीती निराळी होती. एकोणीस वर्षं, दर वर्षी चाळीस मुलं. नऊ हा आकडा लिहिला, की त्या सगळ्या मुलांच्या मिटलेल्या ओठांवर आपण सही केल्यासारखं होणार. न लिहावा, तर खालून बटणं लावणाऱ्या मुलीने जे दाखवलं ते पुन्हा झाकून टाकल्यासारखं. तिसऱ्या दिवशी सामानाच्या खोलीत त्या उलट्या पेटीवर बसून त्यांनी सुरुवात केली. पहिलंच वाक्य लिहिलं: 'या अभ्यासात माझी एक चूक मला सापडली, ती मी प्रथम सांगते.' एकदा ते वाक्य उतरल्यावर बाकीचं शंभर पानांचं लिखाण कसं झालं ते त्यांनाही कळलं नाही.

तोंडी परीक्षा बुधवारी अकरा वाजता. लांब टेबल, एका बाजूला मार्गदर्शक मॅडम, समोर परीक्षक. चौतीस वर्षं शिकवत आलेले प्रोफेसर, भुवया अशा दाट की खाली डोळे आहेत की नाहीत याची शंका यावी. प्रबंधाच्या पानोपानी त्यांच्या खुणेच्या चिठ्ठ्या लोंबत होत्या. बाई खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या.

"तुमच्या प्रबंधाच्या नावाला तुमचेच आकडे खोटं पाडतात," ते म्हणाले. "हे तुमच्या लक्षात आलंय?"

"आलंय, सर. पान एकपासून."

"मग मला एवढंच सांगा. मदतनिसाने मदत केली की मूल गप्प होतं. तर मग मदतनीस वर्गात ठेवायची कशाला?"

मोठ्या बाईंनी सांगितलेला तोच प्रश्न.

"सर, माझ्या हातांत डस्टर होते तेव्हा मला करण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून मी बघत होते. आमच्या वर्गात तिसऱ्या रांगेत एक मुलगी आहे. हुशार, शांत, सगळं बरोबर लिहिणारी. तिच्याकडे मी कधी गेलेच नव्हते, गरजच नव्हती. त्या दोन आठवड्यांत मला दिसलं, की ती फळ्याकडे बघतच नाही. शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. तिच्या आईला सांगितलं, डोळे तपासले. तिला फळा दिसत नव्हता, सर. सहा महिने. चष्मा लागला आणि पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, 'बाई, फळ्यावर रेघा पण आहेत!'" बाई थांबल्या. "जिला मदत नको होती तिला मी वीस मिनिटांत एकतीस वेळा करत होते. जिला हवी होती तिला एकदाही नाही. मोठ्या बाईंना चाळीस जणांना शिकवायचं असतं, त्यांना हे दिसणं शक्य नाही. ते बघायला कुणीतरी मोकळं लागतं वर्गात. ते काम मला एकोणीस वर्षांनी कळलं."

भुवया जराशा हलल्या. त्यांनी एक चिठ्ठी काढून बाजूला ठेवली आणि पुढचं पान उघडलं.

"तुम्ही म्हणता, एका उत्तरासाठी तेवीस सेकंद थांबलात. मी चौतीस वर्षं वर्गावर आहे. वर्गात तेवीस सेकंद कुणी थांबत नाही. चित्रण आहे?"

मॅडमनी संगणक वळवला. पडद्यावर टेबल होतं, टेबलावर पसरलेले खडू, आणि सावकाश. मोठ्या बाईंचा आवाज आला, "किती खडू आहेत गं?"

सावकाश खडूंकडे बघू लागली. एक, दोन, तीन सेकंद. मार्गदर्शक मॅडम खुर्चीत सरकल्या. चार. पाच. परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. सहाव्या सेकंदाला त्यांच्या तोंडून निघालं, "आठ."

आणि ते एकदम गप्प झाले. बाईंनी मान खाली घातली, पण हसू कुठे लपतं?

पडद्यावर सावकाशचं काम चाललंच होतं. ती आता खडूंकडे बघतही नव्हती. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. मग गुडघ्यांवर बसली. "लक्ष गेलं तिचं," परीक्षक पुटपुटले. पंधरा, सोळा. ती जमिनीला गाल लावून कुठेतरी बघत होती. एकोणीस, वीस. उठली, फ्रॉकवरची धूळ झटकली, आणि तेविसाव्या सेकंदाला तिने सांगितलं:

"सात. आणि एक अर्धा. त्याचा दुसरा अर्धा कपाटाखाली आहे."

परीक्षक पुढे वाकले, पडद्यापासून वीतभर अंतरावर आले आणि टेबलावरचे खडू एकेक करून मोजू लागले. आठवा खरोखरच मोडका होता.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

पुन्हा लावलं. या वेळी तेवीस सेकंद तिघांपैकी कुणी हललं नाही. त्यांनी तिसऱ्यांदाही लावायला सांगितलं. मग प्रबंध जवळ ओढला, उरलेल्या चिठ्ठ्या न वाचताच एकेक करून काढल्या, नीट गठ्ठा करून खिशात घातल्या आणि शेवटच्या पानावर सही केली. "नाव तेवढं बदला प्रबंधाचं," ते म्हणाले. "बाकी अक्षरही बदलू नका. तुम्ही पास आहात."

बाई उठल्या. दारापर्यंत पोचल्या असतील, तोच मागून प्रोफेसरांचा आवाज आला, अगदी वेगळा, कुतूहल न आवरलेल्या पोराचा.

"अहो, तो कपाटाखालचा अर्धा निघाला का मग?"

"निघाला, सर. तिनेच काढला, फूटपट्टीने. सहा मिनिटं लागली."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"बघत होते," बाई म्हणाल्या.